बेस्तरवारचं टोपलं

आमच्या गावच्या देवळाचं काम सध्या पुन्हा निघालंय. चर्चला आम्ही लहानपणापासून देऊळच म्हणत आलो, आता या वयात जीभ वळवायची म्हटली तर वळत नाही. भाचा रोज सकाळी मोबाइलवर फोटो धाडतो. आज भिंतीचं प्लास्टर खरवडलं, आज वेदीमागची ओल काढली, आज नव्या फरशा आल्या. खाली जोडलेल्या हातांची चित्रं, आणि 'काम प्रगतीपथावर आहे'. त्यावर मंडळीतले सगळे 'देवाची स्तुती असो' लिहितात, मी काही लिहीत नाही. भाच्याला वाटतं आत्याला दिसत नसेल. मला चांगलं दिसतं, चष्म्याचा नंबर दोनच वर्षांपूर्वी बदललाय. परवा त्यानं छपराचा फोटो पाठवला आणि लिहिलं, 'आत्या, हे छप्पर आजोबांनी पुढाकार घेऊन घातलं होतं ना? तुझ्या आठवणी ग्रुपवर लिही, नव्या पिढीला प्रेरणा मिळेल.' प्रेरणा म्हणे. ग्रुपवर लिहिणार नाही, पण लिहिणार आहे. हे छप्पर कसं घातलं ते मला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असणारी बहुतेक माणसं आता मातीखाली आहेत, तेव्हा कुणाची भीड बाळगायचं कारण उरलेलं नाही.

गाव मानवतहून पाथरीकडे जाताना लागतं. देऊळ दगडाचं, चुन्यात बांधलेलं, वर मंगलोरी कौलं. त्याला लागूनच मिशनच्या शाळेची खोली आणि शाळेला लागून आमचं घर, कारण माझे वडील त्या शाळेचे मास्तर आणि मंडळीचे पंच. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं गोठ्यात एक म्हैस. आईचा दिवस चुलीपाशी सुरू व्हायचा आणि चुलीपाशीच संपायचा. तिच्या हाताला चव नव्हती, हे आता सांगायला हरकत नाही. वरणात मीठ कमी, भाकरी जाड, कडेला कच्ची. पण मास्तरीणबाईंच्या स्वयंपाकाला नावं कोण ठेवणार? घरात सकाळी प्रार्थना, रात्री प्रार्थना, आणि मधल्या वेळात कोण कसं वागतं यावर दादांची बारीक नजर. मी सोळा वर्षांची होते, दहावीला नापास होऊन घरी बसलेली, तोंडानं फटकळ. बायबलातल्या राणीचं एस्तर नाव ठेवलं पण राणीसारखं वागायला कधी मिळालं नाही, दिवसभर शेण, पाणी आणि आईची बोलणी.

मंडळीत दोन वस्त्या होत्या. वरची वस्ती आमची, खालची वस्ती त्यांची. दोन्हीकडचे पणजे-खापरपणजे गावकुसाबाहेरचेच, दोन वेगवेगळ्या जातींतले, एकाच साहेबाच्या हातून एकाच नदीत बाप्तिस्मा घेतलेले. पाण्यातनं वर येताना जात मात्र आपापली घेऊन वर आले. त्या जातींची नावं मी इथं लिहीत नाही, त्या नावांनी आमच्या सगळ्यांच्या अंगावर पुरेसं थुंकून झालंय. गावातली कुणबी माणसं आम्हा दोघांनाही सारखंच लांब धरायची, आणि आम्ही वरच्या वस्तीची माणसं पुन्हा खालच्यांना लांब धरायचो. देवळात सतरंजी एकच, पण ते दाराच्या बाजूला आणि आम्ही वेदीच्या. कुणी सांगितलेलं नव्हतं. तसंच बसायचं.

त्या साली छपराच्या वाशांना वाळवी लागून एक कौल उपासनेच्या वेळी पाळकसाहेबांच्या पायापाशी पडलं, तेव्हा कुठं सगळे जागे झाले. नाताळाच्या आत छप्पर नवं करायचं ठरलं. दादांनी मानवतहून दानियल मिस्त्रीला आणलं. दानियल मिस्त्री सुतारकाम आणि कौलकाम दोन्ही करायचा, एवढ्या उंच छपरावर चढणारा दुसरा माणूस आसपास नव्हता, आणि मुख्य म्हणजे तो आपला होता. ख्रिस्ती, आणि आमच्याच जातीतला. वर वाशावर बसून वाकसानं लाकूड तासता तासता गायनं म्हणायचा. आवाज असा खणखणीत की पार ओढ्यापर्यंत जायचा, नि बायका म्हणायच्या, मिस्त्रीच्या गळ्यात देवानं घंटा बांधलीय. जुनी कौलं उतरवायच्या दिवशी दोन्ही वस्त्यांतल्या बायकांची एक रांग लागली, शिडीपासून देवळापुढच्या पिंपळापर्यंत. वरच्या हातातनं खालच्या हातात, खालच्यातनं वरच्या हातात, दिवसभर कौलं चालली. दुपारी पाळकसाहेब डोळे भरून म्हणाले, हेच देवाचं राज्य. मलाही तसंच वाटलं, मी लय खूश होते.

मिस्त्रीला जेवण मंडळीनं द्यायचं होतं. वार लावायचे ठरले, म्हणजे सोमवार एका घरचा, मंगळवार दुसऱ्या घरचा, असे. सभेत दादांनी घरं वाचली, सगळी वरच्या वस्तीची. वाचून झाल्यावर मागनं सगुणाकाकू उठल्या. खालच्या वस्तीतल्या, तिशी ओलांडलेल्या, काळ्या, उंच, पदर खोचून उभ्या. नवरा मानवतच्या जिनिंगवर हमाल, त्या स्वतः कापूस वेचायला जायच्या. सभेत खालच्या वस्तीची बाई बोललेली मी तोवर ऐकली नव्हती. त्या म्हणाल्या, "मास्तर, एक वार आमच्या घराला द्या. देवाच्या घरावर छप्पर चढायलंय आन् आमच्या हातची एक भाकर त्यात नसावी व्हय?" तोंडावर नाही म्हणायची कुणाची ताकद नव्हती, समोर क्रूस होता. दादांनी घसा खाकरला आणि बेस्तरवार, म्हणजे गुरुवार, सगुणाकाकूंच्या नावावर लिहिला. सगुणाकाकू खाली बसल्या आणि त्यांच्या शेजारच्या बायकांनी त्यांच्या पाठीवरनं हात फिरवला.

त्याच संध्याकाळी मिस्त्री आमच्या ओट्यावर आला. मी आत ज्वारी निवडत होते, सगळं ऐकलं. तो दादांना म्हणाला की त्याचा स्वतःचा काही भेदभाव नाही, प्रभू सगळ्यांचा, पण खालच्या वस्तीचं त्याच्या पोटाला चालत नाही. पोटाला! दादांनी त्याला समजावलं का, एका शब्दानं तरी टोकलं का? नाही. दोघं हळू आवाजात बोलत राहिले आणि दुसऱ्या दिवशी दादांनी हुकूम काढला की सगळ्यांनी आपापलं टोपलं सकाळी मास्तरांच्या घरी आणून द्यावं, तिथनं एस्तर दुपारी देवळात पोचवेल, म्हणजे मिस्त्रीला वेळेवर मिळेल. ऐकायला किती सोयीचं. खरी गोष्ट अशी की बेस्तरवारचं टोपलं आमच्या घरात येऊन थांबायचं आणि आईच्या हातचं पुढं जायचं. पाळकसाहेबांना हे माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. नव्हतं म्हणावं तर शेवटचा सोडून एकाही बेस्तरवारी ते मिस्त्रीच्या पंक्तीला बसले नाहीत, एरवी रोज बसायचे.

पहिल्या बेस्तरवारी सगुणाकाकू उजाडता उजाडता आल्या. कापसाला जायचं होतं, डोक्याला फडकं बांधलेलं. टोपल्यावर धुतलेलं पांढरं धडपं. आत ज्वारीच्या भाकरी, कागदासारख्या पातळ आणि परातीएवढ्या, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, कांदा. त्या ओट्याच्या खाली उभ्या राहिल्या, टोपलं ओट्यावर ठेवलं, मला म्हणाल्या, गरम असतानाच ने गं बाई. त्या गेल्या आणि आईनं मला डोळ्यांनीच गोठ्याकडं खुणावलं. मी भाकरी म्हशीपुढं टाकल्या. खमंग वास येत होता, म्हशीनं मान वर केली नाही. संध्याकाळी टोपलं न्यायला काकू आल्या, दिवसभर वेचून बोटं बोंडांनी चिरलेली, आणि पहिला प्रश्न, "मिस्त्री काय म्हणला?" आई आतनं भांडी वाजवत होती. मी म्हणाले, चांगलं झालं म्हणले. काकू हसल्या. चटणीत लसूण जास्त तर नाही झाला, म्हणाल्या. नाही म्हटलं. अशी मी खोटं बोलायला लागले, आणि दर बेस्तरवारी ते खोटं वाढत गेलं, कारण त्या दर वेळी नवीन काहीतरी विचारायच्या. दुसऱ्या वेळी मी सांगितलं मिस्त्रीनं दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तिसऱ्या वेळी सांगितलं, मिस्त्री विचारत होते पुढच्या वेळी काय करणार. त्यापुढं काकू टोपलं ठेवून लगेच जायच्या नाहीत, मान वर करून छपराकडं बघायच्या. कुठवर आलं, किती वासे राहिले, मोजायच्या. वस्तीत म्हणायच्या, आमच्या भाकरीवर मिस्त्री वर चढायलाय.

मी सहन करत होते असं नाही. चौथ्या बेस्तरवारी मी आईला म्हणाले की हे पाप आहे. आई म्हणाली, पाप-बिप मला शिकवू नको, देवळाला छप्पर पाहिजे का नको? तिला ठाऊक होतं मी काय उत्तर देणार. दादांना बोलले तर ते म्हणाले, छोट्या गोष्टीवरनं मोठं काम अडवायचं नसतं. दादांचं हे वाक्य मी पुढं आयुष्यभर ऐकलं, दवाखान्यात नोकरी केली तिथं साहेबांच्या तोंडून, घरात नवऱ्याच्या तोंडून. गोष्ट छोटी आहे हे नेहमी तोच ठरवतो ज्याचं त्यात काही जात नाही. मला मिस्त्रीचा राग होता, दादांचा होता, आईचा तर इतका की तिच्या हातचं पाणीसुद्धा घशाखाली उतरत नव्हतं. आणि सगुणाकाकूंचाही राग यायला लागला होता. ही बाई इतकी भोळी का, एकदा दुपारी येऊन बघत का नाही, असं मनात यायचं.

सहाव्या बेस्तरवारी काकू आल्या तेव्हा टोपल्यात मातीचं झाकलेलं गाडगं होतं. त्यांचा भाऊ येलदरीला धरणावर मासे धरायचा. आदल्या दिवशी तो एसटीनं मोठा मासा घेऊन आला होता. काकूंनी त्याचं कालवण केलं होतं, वाटलेलं तीळ-खोबरं घालून, आणि तळलेले तुकडे वेगळे, केळीच्या पानात. म्हणाल्या, आता चारच वासे राहिले, मिस्त्री परत जाईल, शेवटचं चांगलं खाऊन जाऊ दे. आज कापसाला जात नाही, दुपारी येते क्रूसाची लाकडं चढताना बघायला. हे ऐकून आई सावध झाली. काकू गेल्यावर म्हणाली, मासे म्हशीला चालायचे नाहीत, मागं उकिरड्यावर टाक, कुत्री खातील. आणि आपल्या वरण-भाकरीचं टोपलं बांधून विहिरीवर धुणं धुवायला गेली. मी गाडग्याचं झाकण काढून बघितलं. तेल वर आलेलं, लाल. माझ्या डोक्यात काय झालं ते सांगता येत नाही. मी आईचं टोपलं चुलीमागं ढकललं आणि काकूंचं उचलून देवळात नेलं.

मिस्त्री पिंपळाखाली बसला. त्याचे दोन गडी, दादा, आणि त्या दिवशी क्रूस चढणार म्हणून पाळकसाहेब. मिस्त्रीनं भाकर मोडली, कालवणात बुडवली, खाल्ली, आणि थांबला. मग खातच सुटला. काटे बाजूला काढायचा, बोटं चाटायचा, पुन्हा वाढून घ्यायचा. दादांच्या लक्षात आलं होतं. आमच्या घरात मासा आलाच नव्हता. ते माझ्याकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं, डोळा न हलवता. मिस्त्री म्हणाला, मास्तरीणबाईंनी आज कमाल केली, असं कालवण उभ्या जन्मात खाल्लं नाही. तेवढ्यात खालच्या वस्तीकडनं चार-पाच बायका आल्या, पुढं सगुणाकाकू, हातात ताकाचा तांब्या. मिस्त्रीला खाताना बघून काकू तिथंच थांबल्या. चेहरा असा फुलला होता की काय सांगू. मला वाटलं, हीच वेळ. मी मोठ्यानं म्हणाले, "मिस्त्रीमामा, हे आईनं न्हाई केलेलं. सगुणाकाकूनं केलंय. आजवर पाच बेस्तरवार त्यांचं टोपलं म्हशीला घातलं, तुमच्या पोटाला चालत न्हाई म्हणून. आज बरं चाललं."

हे बोलताना मी मिस्त्रीकडं बघत होते. त्याचं तोंड पडलेलं बघायचं होतं मला, आणि ते पडलं. तो उठला, हात झटकले, रांजणापाशी गेला, चूळ भरली. एकदा नाही, चार-पाच वेळा, घशात बोट घालून, सगळ्यांच्या देखत. मग मी विजयानं काकूंकडं वळले. काकू मिस्त्रीकडं बघत नव्हत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या. तांब्या हातातच. त्यांच्या मागच्या बायका कुजबुजायला लागल्या, पाच बेस्तरवार, म्हशीला, म्हशीला. वस्तीत इतके दिवस मान वर करून फिरलेली बाई, आणि त्याच वस्तीच्या बायकांसमोर. काकूंनी तांब्या पिंपळाच्या मुळाशी ठेवला आणि गेल्या. रिकामं टोपलंसुद्धा घेतलं नाही.

मिस्त्रीनं हत्यारं गोळा केली आणि मानवतच्या जीपनं निघून गेला. चार वासे आणि क्रूस खाली पडून राहिले. देवळात ऊन शिरायला लागलं, कबुतरं शिरली, आणि सगळं खापर माझ्या डोक्यावर. आईनं मला चुलीपाशच्या फुंकणीनं मारलं. वरच्या वस्तीत कुणी माझ्याशी बोलेना. पाळकसाहेबांनी रविवारी माझं नाव न घेता जिभेवर अर्धा तास उपदेश केला, आणि सगळी मंडळी माझ्याकडं बघत बसली. पुढच्या आठवड्यात दादा मला मानवतला घेऊन गेले. मिस्त्रीच्या दारात उभं करून माफी मागायला लावली. मी मागितली. छोट्या गोष्टीवरनं मोठं काम अडलं होतं ना. मिस्त्री परत आला, नाताळाच्या दोन दिवस आधी क्रूस चढला, गायनं झाली, पेढे वाटले. त्याच्या वारांच्या यादीतनं बेस्तरवार काढून आईच्या नावावर लिहिला होता. खालच्या वस्तीतलं एक माणूस त्या नाताळाला देवळात आलं नाही. दादा म्हणाले, येतील हळूहळू. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करू. सगुणाकाकूंची माफी मागायचं मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही. त्याबाबतीत मला माझ्या घरच्यांचा आजही तितकाच राग आहे, ते सगळे गेले तरी.

म्हणून मी गेले. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, कुणाला न सांगता, त्यांचं टोपलं घासून-पुसून हातात घेऊन. खालच्या वस्तीत मी त्याआधी कधी गेले नव्हते, काकूंचं घर विचारत जावं लागलं. त्या दारातच चूल मांडून भाकरी करत होत्या. शेजारी परडीत भाकरींची चळत. मी टोपलं ठेवलं. ये म्हणाल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्या उभ्याच रडायला लागले. म्हणाले, काकू, मी तुमच्यासाठीच बोलले. मला ते सहन होत नव्हतं. मला मार खावा लागला, माफी मागावी लागली, पण मी बोलले. माझ्या मनात तुमच्याबद्दल कधीच काही नव्हतं, ते त्यांच्या मनात होतं.

काकूंनी थापता थापता हात थांबवला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "एस्तर, पाच टोपली तुझ्या घरात आली. म्हशीपुढं तूच टाकलीस ना? टाकायच्या आधी त्यातला एक घास तरी तू खाल्लास का?"

त्या वाट बघत होत्या. तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा सुटला, वाफ निघाली, तरी त्या माझ्याकडंच बघत होत्या.

न्हाई, म्हणाले मी.

"मग घरी जा," काकू म्हणाल्या, आणि भाकर उलटली.